सात महिन्यांनंतर: डिजिटल मायक्रोफ्लुइडिक यंत्राचा थेंब किती अचूक?
दोन काचपट्ट्यांमध्ये विजेच्या जोरावर थेंब हलवणारे हे यंत्र आमच्या प्रयोगशाळेत येऊन सात महिने झाले. थेंब नेणे, जोडणे, ढवळणे ही कामे ते पहिल्या आठवड्यापासून चोख करते, म्हणून त्यांविषयी फारसे लिहीत नाही. साठ्यातून दर वेळी तेवढाच थेंब तुटतो का, हा खरा प्रश्न होता.

थेंब ज्यावर बसतो त्या चौरस इलेक्ट्रोडची (विजेच्या पट्टीची) बाजू 2.5 मिलिमीटर आणि काचांमधली फट 200 मायक्रोमीटर असल्याने थेंब 1.25 मायक्रोलिटरचा यायला हवा. पण ही फट राखते ती दोन्ही बाजूंनी चिकटणारी एक पट्टी, आणि ती बसवताना बोट जरा जोरात पडून फट 190 वर आली, तर थेंब सरळ 5 टक्क्यांनी लहान होतो. यंत्राला याचा पत्ता लागत नाही, कारण ते कपॅसिटन्सवरून (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवरून) थेंबाने व्यापलेले क्षेत्रफळ ओळखते. वरून कॅमेरा लावला तरी त्यालाही क्षेत्रफळच दिसते. दोन्ही साक्षीदार नेमके एकाच ठिकाणी आंधळे!

तराजूने पडताळावे, तर एवढासा थेंब वजन होईपर्यंतच सुकू लागतो. म्हणून शेवटी रंगीत द्रावणाचे दहा थेंब मोजलेल्या पाण्यात धुऊन घेतले आणि त्या पाण्याचे प्रकाशशोषण वाचले. पाणी उडाले तरी रंग उडत नाही. फटीतला फरक उघडकीस आला तो या चाचणीत.

दुसरी अडचण साठ्याची. द्रवाची जीभ दोन-तीन इलेक्ट्रोडवर बाहेर ओढली जाते, मधला इलेक्ट्रोड बंद होतो, साठ्याचा सुरू होतो आणि मान बारीक होत तुटते. त्या मानेतला द्रव कोणाच्या वाट्याला किती जाईल, हे साठ्यात किती द्रव उरला आहे यावरही अवलंबून असते. साठा अर्ध्याखाली गेल्यावर आमचे थेंब एकसारखे येईनासे झाले. व्होल्टेज वाढवून पाहिले, त्याने थेंब धावला जोरात, पण आकारमान सुधारले नाही. प्रथिनांच्या द्रावणात थोडे प्लुरोनिक (साबणासारखे काम करणारे एक रसायन) घातल्याशिवाय तर काचेवरच्या जलविरोधी थरावर डाग धरतो आणि थेंब मागे शेपूट सोडतो.

आता आम्ही साठा निम्म्यावर येताच भरतो आणि चिकटपट्टीऐवजी जाडी मोजून घेतलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या बसवतो. यंत्राची किंमत पाहता त्या पट्ट्या खोक्यातच यायला हव्या होत्या.