झोटेरो कनेक्टर, आठ महिने वापरल्यावर: हे काम खरं तर ब्राउझरचं आहे

१९७२ च्या दुष्काळावर थीसिस लिहितेय, त्यामुळे गेले आठ महिने फायरफॉक्समध्ये झोटेरो कनेक्टर रोज वापरतेय. झोटेरो म्हणजे संदर्भ साठवून संदर्भसूची बनवणारं सॉफ्टवेअर, आणि कनेक्टर म्हणजे उघड्या पानाची माहिती त्यात सेव्ह करणारं ब्राउझरमधलं बटण. आधी काय व्हायचं, लिंक वर्डमध्ये चिकटवून ठेवायचे आणि महिन्याभराने कळायचं की लेखक कोण, साल कुठलं, काहीच लिहिलेलं नाही, मग परत सगळं शोधा.

कनेक्टरचं बटण पानाप्रमाणे बदलतं. लेख असेल तर कागद, पुस्तक असेल तर पुस्तक, सर्चची यादी असेल तर फोल्डर, आणि त्या फोल्डरमधून टिक करून वीस लेख एकदम उचलता येतात. जर्नलवाल्यांचं बहुतेक चोख असतं, कारण 'सायटेशन टायटल', 'सायटेशन ऑथर' असे मेटा टॅग, म्हणजे मशीनसाठीच्या न दिसणाऱ्या खुणा, ते पानात घालतातच, गूगल स्कॉलरला (गूगलच्या शोधनिबंधांच्या सर्चला) ते लागतात ना. इंग्रजी विकिपीडियावर लेखाखालचे संदर्भसुद्धा उचलता येतात, तिथे प्रत्येक संदर्भाला कॉइन्स नावाचा न दिसणारा डेटा जोडलेला असतो.

त्रास होतो तो बातम्यांचा. एका मराठी पेपरच्या साइटवरचा मोठा लेख सेव्ह केला तर आलं फक्त शीर्षक. पानाचा सोर्स कोड उघडून बघितला तर आत जेसन-एलडीमध्ये, म्हणजे मशीनसाठी लिहिलेल्या नोंदीत, लेखकाचं नाव, तारीख सगळं व्यवस्थित! दुसऱ्या एका साइटने लेखकाच्या जागी 'न्यूज डेस्क' टाकलेलं, त्यामुळे माझ्या संदर्भसूचीत 'डेस्क' हे आडनाव आलं, आणि ते गाइडनी दाखवलं तेव्हा मला कळलं.

मला मनापासून वाटतं की हे वाचणं ब्राउझरनेच करावं. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहूने मिळून स्कीमा डॉट ऑर्ग काढलं, म्हणजे पानातली माहिती मशीनला कळेल अशी मार्क करायची एकच पद्धत, तेव्हापासून साइटवाले एवढी मेहनत घेऊन लेख, रेसिपी, कार्यक्रम, पत्ते सगळं नीट मार्क करतात, पण ते सर्च इंजिनसाठी. पान माझ्यासमोर उघडं आहे, डेटा माझ्याच कॉम्प्युटरवर आलाय, आणि मलाच तो दिसत नाही, हे बरोबर नाही. प्रयत्न झाले नाहीत असंही नाही, २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये मायक्रोफॉर्मॅट (अशा खुणांची आधीची एक पद्धत) वाचायची सोय आतच होती, पण ती एक्स्टेंशन लिहिणाऱ्यांसाठी, साध्या माणसाला बटण कुठे दिसलंच नाही. उलट २०१८ च्या डिसेंबरमध्ये फायरफॉक्स ६४ ने आरएसएस (साइटवरच्या नव्या लेखांची आपोआप येणारी यादी) वाचायची सोयसुद्धा काढून टाकली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मागणं फार नाही. ॲड्रेस बारपाशी एक बटण, दाबलं की लेखक, तारीख, प्रकाशक जे पानात लिहिलंय ते समोर यावं आणि कॉपी करता यावं, कार्यक्रम असेल तर सरळ कॅलेंडरमध्ये टाकता यावा. पण सेव्ह व्हायच्या आधी दाखवायलाच हवं, कारण लपलेल्या डेटातली चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि हे सगळं आपल्याच मशीनवर व्हावं, कुठल्या सर्व्हरला विचारून नको.

कनेक्टर मी काढणार नाही, फुकट आहे आणि त्याने माझे कित्येक तास वाचवलेत. नवीन घेणाऱ्यांना एवढंच सांगते, पेपरमधलं काही सेव्ह केलं की झोटेरोच्या उजवीकडच्या पॅनलमध्ये लेखक आणि तारीख तिथल्या तिथे बघून घ्या, नंतर बघू म्हटलं की राहतंच.