मालवणात जाऊन सुरमईच मागू नका, बांगडा खावा

दिवाळी झाली की कोल्हापुरातल्या निम्म्या गाड्या राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरतात आणि मालवणला लागतात, आणि परत आल्यावर बहुतेक जण एकच सांगतात, सुरमई खाल्ली, पापलेट खाल्लं, बिल लई झालं. आम्ही पण नुकतंच घरातली सगळी मिळून जाऊन आलो, आई, दाजी, ताई, पोरं सगळी, आणि जेवणाच्या बाबतीत माझं मत आता एकदम पक्कं झालंय. मालवणात बोर्ड बघून ऑर्डर द्यायची नाही. आज बोटीत काय आलंय ते विचारायचं, आणि जे सांगतील ते गपचूप खायचं.

सगळ्यात भारी जेवण झालं ते धुरीवाड्याकडं एका घरगुती खानावळीत. घराच्या पडवीतच टेबलं टाकलीत, काकी आत चुलीपाशी, मुलगा वाढायला, एवढाच कारभार. दाजींनी बसल्या बसल्या सगळ्यांना सुरमई थाळी सांगितली, तर काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सुरमय घेव नकात, कालची आसा. बांगडो सकाळचो, तो खावा." आता सुरमई थाळीचा दर बांगड्याच्या जवळपास दुप्पट, आणि बाई स्वतःहून सांगतीया की ती घेऊ नका. मला तिथंच कळलं की आपण बरोबर जागी आलोय. असल्या माणसाच्या हातचं डोळे झाकून खावं.

बांगडा आला तो अख्खा, डोक्यासकट, दोन्ही अंगाला आडव्या चिरा पाडलेल्या आणि त्या चिरांत मसाला आतपर्यंत भरलेला. वरनं रवा नव्हता, तांदळाच्या पिठाचा अगदी पातळ हात, त्यामुळं कातडी कुरकुरीत आणि आतलं मांस पांढरं, ओलं, बोटानं ढकललं की काट्यावरनं सुटून येतंय. आपल्याकडची माणसं काट्याला भितात म्हणून बांगडा टाळतात, खरं मधला काटा एकदा नीट उचलला की निम्मं काम झालं, कडंचे बारीक तेवढे बघून खायचे. माझ्या भाच्यानं, जो घरी मासा म्हटलं की तोंड फिरवतो, त्यानं दुसरा मागून घेतला.

त्याच थाळीत बांगड्याचं तिखलं होतं आणि माझ्या मते तेच खरं मालवण. दाटसर, लालभडक, आमसुलाचा आंबटपणा आणि त्यात तिरफळं. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढून ठेवायचं, त्याचा वास तेवढा रश्शात उतरलेला असतो आणि जिभेवर जरा झिणझिण्या येतात. आपल्या तांबड्या रश्शाचा तिखटपणा सरळ घशाला जाऊन भिडतो, ह्याचा तसा नाही, हा आधी आंबट लागतो, मग हळूहळू चढतो. आणि एक सांगतो, आपल्याला वाट्यावर वाट्या रस्सा वरपायची सवय, पांढरा झाला की तांबडा, तांबडा झाला की पांढरा, तसं इथं करू नका. थाळीत माशाची कढी, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा, वेगळी येतीया, ती भातावर घ्यायची, जाड तांदळाचा गरम भात, त्यावर कढी, बाजूला तळलेली तुकडी. नुसती पिऊन बघितली तर खोबऱ्यानं पोट लगेच गच्च होतंय आणि चव पण निम्मीच कळतीया.

सोलकढी. ह्याच्यावर मी जरा जास्तच बोलणार कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होतीया. घरची सोलकढी म्हणजे ओल्या खोबऱ्याचं दूध, कोकमाचं आगळ (म्हणजे रस), लसूण, हिरवी मिरची, मीठ, बास. रंग फिक्कट गुलाबी असतो, आणि वाटी जरा वेळ तशीच राहिली की दूध वर येतंय, खाली पाणी राहतंय, मग चमच्यानं हलवून प्यायची. काकींकडची अशीच होती, आणि लसणाचा वास नेमका तेवढाच. तारकर्लीच्या बाजूला बीचला लागून असलेल्या एका मोठ्या हॉटेलात (नाव लिहीत नाही) जी मिळाली ती गडद गुलाबी, शेवटपर्यंत एकसारखी, आणि खोबऱ्याची चवच नाही. तिथलीच सुरमईची तुकडी एवढी पातळ की तळून वाळून गेलेली, वर रव्याचं जाड कवच, कढी थंड. मेनू कार्डावर पंजाबी, चायनीज, पनीर सगळं आहे आणि समोर समुद्र दिसतोय म्हणून गर्दी पण आहे. बसायला छान आहे, संध्याकाळी चहा प्यायला जावा, जेवायला नको.

नावाजलेल्या ठिकाणांचं विचाराल तर गावात चैतन्य आणि चिवला बीचच्या बाजूला अतिथी बांबू, ही दोन नावं कुणालाही विचारली तरी सांगतात. दोन्हीकडं जेवलोय, दोन्हीकडं समाधान झालं. सुट्टीच्या दिवशी थांबावं लागतंय, लहान पोरं असतील तर साडेबाराच्या आतच जाऊन बसा. अशा ठिकाणी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घ्याच. आम्हाला सुक्क्या मिळाल्या, खोबऱ्याच्या वाटणात परतलेल्या, शिंपल्यातनं दातानं ओढून खायच्या, हात खराब होतात, होऊ द्यात.

आईचा सोमवार होता. आम्हाला वाटलं आता हिचं काय करायचं, तर काकी म्हणाल्या आमच्यातले पण बरेच जण सोमवारी मासे खात नाहीत. तिला वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं दिलं. हे वडे म्हणजे तांदूळ, उडीद वगैरे दळून केलेल्या पिठाच्या टम्म फुगलेल्या पुऱ्या, जरा मेथी-धण्याची चव असलेल्या, बाहेरनं खुसखुशीत, आतनं मऊ. काळ्या वाटाण्याची आमटी भाजलेल्या खोबऱ्याची, काळपट, दाट. आमच्या आईला कुणाच्या हातचं सहजासहजी पसंत पडत नाही, तिनं काकींना आत जाऊन वाटण कसं केलं ते विचारलं आणि मग दोघी तिथंच बसल्या, आम्ही बाहेर गाडीपाशी वाट बघत. मासे न खाणाऱ्यांना मालवणात उपाशी मरावं लागतंय हा गैरसमज आहे. मार्च-एप्रिलला गेलात तर ओल्या काजूची उसळ विचारा, घावणे आणि नारळाचा गोड रस कुठं मिळाला तर सोडू नका.

कोंबडी वडे पायजे असतील तर सकाळीच फोन करून सांगून ठेवा. गावठी कोंबडी शिजायला वेळ लागतो, आणि ऐनवेळी जाऊन मागितली तर ब्रॉयलर पुढ्यात येतीया. मटण मात्र तिथं मागू नका बाबांनो. शेजारच्या टेबलावर आपलीच कोल्हापूरची मंडळी "तांबडा-पांढरा मिळतो का" म्हणून विचारत होती, मला मनापासून वाईट वाटलं. ते घरी रोज मिळतंय की. त्यासाठी घाट कशाला उतरायचा?

किल्ला बघणार असाल तर सकाळी लवकर जाऊन या. १६६४ ला महाराजांनी पाया घातलेला सिंधुदुर्ग, आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ, आणि हे गाव १८१२ पर्यंत आपल्या कोल्हापूर संस्थानाकडंच होतं, त्यामुळं आपल्या माणसाला तिथं उभं राहिल्यावर वेगळंच वाटतंय. होडीतनं परत येईपर्यंत ऊन चढलेलं असतंय आणि भूक सडकून लागलेली असती, तेव्हा सरळ खानावळीत. दोननंतर घरगुती ठिकाणी चांगले मासे संपतात, तीनला बंद, परत रात्रीच उघडतात.

बंदरावर माशांचा लिलाव होतो तो एकदा बघाच. टोपल्या उतरतात, बोली लागते, दोन मिनिटात माल उचलला जातो. तिथं उभं राहिलं की रात्री काय मागायचं ते आपोआप कळतं. ताज्या माशाचा डोळा चकचकीत असतो, कल्ले लालभडक, आणि अंगावर बोट दाबलं तर खड्डा राहत नाही. दाजी आता हे सगळ्यांना शिकवत फिरतायत.

आणि जून-जुलैत मासे खायला म्हणून जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारी बंदी असते, यांत्रिक बोटी बंद, त्या दिवसात सुरमई-पापलेट मिळालंच तर ते बर्फातलं असणार हे धरून चाला. नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत झाला की मग गाडी काढा. काकींकडं चार-पाचच टेबलं आहेत, मोठा ग्रुप असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि रोख पैसे जवळ ठेवा, आम्ही गेलो तेव्हा रेंज नव्हती, ऑनलाइन पेमेंट काही होईना.