जळगावचा दाणा बाजार: वर्षाचं धान्य भरायला आम्ही इथेच का जातो

भुसावळात आमच्या गल्लीतली चार घरं मिळून वर्षाचं धान्य भरतात, त्याला यंदा सहा वर्षं झाली. मॉल गावात आलेत, घरपोच देणारी ॲपं आलीत, तरी आम्ही वर्षातून दोनदा जळगावच्या दाणा बाजारात जातो. फेब्रुवारीत तुरीची डाळ आणि मिरची, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी गहू आणि दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. नव्याने संसार मांडलेल्या मुली मला विचारतात, एवढी दगदग परवडते का? म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

आधी पैशाची सोय सांगते, कारण बहुतेकजणी तिथेच अडतात. एकदम चौदा-पंधरा हजार कुणाकडे पडून नसतात. आम्ही आखाजी ते आखाजी भिशी लावतो, घरटी महिन्याला 1,200 रुपये. नंबर काढत नाही, कुणाला उचल देत नाही. सगळा पैसा चौघींपैकी एकीच्या पोस्टाच्या खात्यात साठतो आणि धान्यालाच लागतो.

बाजार जुना, रस्ता अरुंद, दोन्ही हातांना पोत्यांच्या थप्प्या. तोंड दुमडून उघडी ठेवलेली पोती बघितली की मला बरं वाटतं, कारण इथे माल हातात घेऊन बघता येतो. जळगावात डाळ मिल भरपूर, त्यामुळे तुरीच्या डाळीत निवड मोठी. फटका मागितली तर मोठी, अख्खी, पिवळीधमक डाळ पुढे येते. सव्वा नंबर मागितली तर थोडी बारीक आणि स्वस्त. मी मूठभर डाळ पांढऱ्या रुमालात घेऊन चोळते. रुमालाला पिवळेपणा किंवा तेलकटपणा लागला की ती डाळ मी सोडते. नुसत्या चकाकीवर जायचं नाही. वर्षभराच्या वरणासाठी कोरडी, पॉलिश न केलेली डाळच मला पसंत आहे, दिसायला ती जरा मळकट असते, पण चवीला गोड लागते. नवापूरच्या तुरीच्या डाळीला भौगोलिक मानांकन आहे, ती मिळाली तर सणावारासाठी दोन-तीन किलो वेगळी घेते. रोजच्याला ती परवडत नाही.

आम्ही ज्या दुकानात ठरून जातो तिथले काका मालाबद्दल खरं बोलतात. तीन वर्षांपूर्वी मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी झाला होता. आम्ही चौघी लोकवन गहू घ्यायला गेलो. भाव चांगला उतरलेला, आमचे डोळे चमकले. काकांनी पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून मधला गहू काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, दाताखाली धरून बघा." दाणा कट्‌ करून फुटायला हवा होता, तो दबला. वरून गहू पांढुरका पडलेला, त्याचं तेज गेलेलं. काका म्हणाले, "हा गहू महिन्याभरात खायचा, कोठीत भरायचा नाही. पंधरा दिवसांनी या, मध्य प्रदेशातला कोरडा माल येतोय." त्या दिवशी त्यांची आठ क्विंटलची विक्री बुडाली आणि आमचं टेम्पोचं भाडं. पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. तेव्हापासून आम्ही दुकान बदललं नाही.

माझ्या सासूबाई पारोळ्याकडच्या. त्या नेहमी म्हणतात, "सस्तं शे म्हनीसन लेऊ नको," म्हणजे स्वस्त आहे म्हणून घेऊ नको. मी हे ऐकलं नाही आणि एकदा फसले. आमच्याच भागातल्या एका दुकानात तेलाचा डबा दाणा बाजारापेक्षा 120 रुपयांनी स्वस्त मिळाला. बाजारात 2,190 आणि इथे 2,070. घरी आणून छापलेलं वाचलं, तर 15 लिटर. बाजारातला डबा 15 किलोचा असतो. एक लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम, म्हणजे माझ्या डब्यात 13 किलो 650 ग्रॅमच तेल होतं. किलोला 151 रुपये 65 पैसे पडले, बाजारात 146 पडले असते. डबे दिसायला सारखे, रंग सारखा. दुकानदाराने खोटं सांगितलं नाही, पण खरंही सांगितलं नाही. तेव्हापासून मी डबा उचलायच्या आधी तो फिरवून किलो की लिटर ते वाचते. पिशव्यांमध्येही आता 850-870 ग्रॅमच्या पिशव्या एक लिटरच्या शेजारी ठेवलेल्या असतात, आणि घाईत हात तिकडेच जातो. पाकिटावर छापील किमतीजवळ ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव असतो, तो बारीक अक्षरातला आकडा बघायची सवय लावून घ्या.

पुष्कळांना आणखी एक गोष्ट माहीत नसते. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी लागतो. सुट्या मालावर नाही आणि 25 किलोच्या वरच्या कट्ट्यावरही नाही. तांदळाचे 26 किलोचे कट्टे बाजारात दिसतात ते त्यामुळे. चार घरांनी मिळून 26 किलोचा कट्टा फोडला तर तो कर वाचतो.

यंदाचा माझ्या घराचा हिशेब, आम्ही पाच माणसं. तुरीची डाळ 24 किलो, बाजारात 108 ने, मॉलमध्ये तशीच डाळ पाकिटात 132 ने होती. गहू दोन क्विंटल 32 ने, दळणाचे 6 धरले तर 38, तयार आट्याची पिशवी किलोला 46 ला पडते. निवडताना क्विंटलमागे तीन-चार किलो खडा-कचरा गेला तो मी धरला आहे. नंदुरबारकडची लाल मिरची चार किलो, देठ काढून, उन्हात तापवून, कांडून आणली. टेम्पोचं भाडं 1,200, चौघींत 300 प्रत्येकी, हमाली वेगळी. सगळं वजा जाता घरात दोन हजारांच्या आसपास राहिले. फार मोठी रक्कम नाही, पण लेकीची वर्षाची वह्या-पुस्तकं त्यात होतात.

हे पैसे टिकतात ते साठवण नीट केली तरच. गहू दोन दिवस कडक उन्हात, रात्री घरात पसरून गार करायचा, गरम गहू कोठीत कोंबला की आत घाम धरतो आणि टोके (धान्यातले किडे) पडतात. तळाला आणि मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल, हातांनी दाणादाणा चोळून. डाळीला नुसती झिलई यावी, ती ओली होता कामा नये. आणि एक कळकळीने सांगते, बाजारात कुणी धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या देऊ केल्या तर घेऊ नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो, बंद खोलीत माणसं दगावतात. जिथे आपण झोपतो तिथेच आपली कोठी असते.

बाजाराच्या उणिवाही आहेत. बायकांना टेकायला जागा नाही, स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं आणि एप्रिलच्या उन्हात हे फार जड जातं. सकाळी नऊच्या आत पोचा. काही दुकानांत आपण मागितल्याशिवाय बिल देत नाहीत, ते मागाच. काटा शून्यावर आहे का बघा आणि बारदानाचं वजन वजा करायला लावा, तागाचं रिकामं पोतंही अर्ध्या किलोच्या वर भरतं. सुटा माल परत घेत नाहीत, म्हणून बघायचं ते तिथेच.

साबण, कपडे धुण्याची पावडर, फिनाईल हे मी ठोकात घेत नाही. सहा किलोची पावडर घरात आली की हात सैल सुटतो, दीड महिन्याची पावडर महिन्यात संपते, हे मी दोन वेळा लिहून ठेवून बघितलंय. साखर आणि गूळही वर्षाचे नाही, पावसाळ्यापुरतेच भरते.

वाटणी आमच्या अंगणात होते. ताडपत्रीवर डाळ ओततो, मधे काटा, चार डबे. शेवटी पोत्याच्या तळाशी दीड-दोन किलो चुरी उरते, तिचे भाग कुणी मोजत नाही. ज्या घरी त्या वर्षी बाळंतीण असेल किंवा पाहुणे जास्त, तिथे ती जाते. यंदा ती समोरच्या वहिनींकडे गेली, त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे.