दहा वाघिणी उभ्या, चाकं नाहीत, गेले 14,550

मी भुसावळचा. रेल्वे यार्डातल्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मोजत लहानाचा मोठा झालो. म्हणून तर हे सांगायची जास्त लाज वाटते.

एचओ, म्हणजे 1:87 मापाची, बॉक्स-एन या उघड्या वाघिणींची मॉडेलं मी स्टायरीन शीट कापून हाताने करतो. खरी वाघीण कप्लर ते कप्लर 10,713 मिमी, माझी 123. खरा रेक, म्हणजे अख्खी गाडी, 58 वाघिणींचा, मी दहावर थांबलो. ढाचे तयार होते, मागून सुई टोचून रिवेटही उठवले होते. अडलं बोगींवर, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या सांगाड्यांवर. ओळखीतल्या एकाने नंबर दिला : थ्रीडी प्रिंट केलेल्या कॅसनब (बॉक्स-एनखाली असतात त्या) बोगी, धातूच्या चाकांसकट. 20 बोगी, 40 ॲक्सल. आगाऊ 3,500. ‘माल तयार’ म्हटल्यावर 8,900. मग चाकं कस्टममध्ये अडकली म्हणून 2,150. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. डीपी गायब, एकच टिक.

तिसऱ्यांदा कशाला दिलेस, असं घरचे विचारतात. अहो, चांगली चाकं मी याआधी बाहेरूनच मागवली आहेत, कस्टमही भरलंय! खोटं वाटण्यासारखं त्यात काय होतं?

खरी माती त्याआधीच खाल्ली होती. त्याने बोगीचा फोटो पाठवला, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. मी खूश, माणूस मापाचा पक्का! दोन्ही ॲक्सलमधलं अंतर पट्टीवर स्वच्छ दिसत होतं : वीस मिमी. कॅसनबचा व्हीलबेस 2,000 मिमी. भागिले 87, तेवीस. हा भागाकार मी झोपेतही करतो, नेमका त्या दिवशी केला नाही. वीसच्या आसपास येते ती अमेरिकी मालडब्याची बोगी, 5 फूट 10 इंचांची. कुठल्यातरी अमेरिकी मॉडेलचा फोटो उचलून त्याने मला दाखवला आणि मी ‘सुंदर!’ लिहून वर अंगठा पाठवला. तो अंगठा अजून चॅटमध्ये आहे.

पट्टी दिसली की वाचा. यूपीआयवर पैसे जाण्याआधी दिसणारं नावही वाचा. मला भलत्याच बाईचं दिसलं, मी म्हटलं बायकोचं खातं असेल.

आणि लाजेपायी थांबू नका, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी अकरा दिवसांनी केला. मग पोलीस ठाणं. तिथून सायबरवाल्यांकडे, तिथून परत ठाण्यात, ‘रक्कम लहान आहे’ म्हणून. लहान कोणाला? बँकेत म्हणे, पिन तुम्हीच टाकलात ना? टाकला, साहेब, मीच टाकला. चार चकरा, दोन अर्धी रजा, स्टेटमेंटच्या तीन प्रती. ठाण्यातल्या साहेबांनी फोटो पाहून विचारलं, “नातवासाठी का?” मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. कॅसनब म्हणजे काय हे मी दोनदा समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं, ‘खेळण्याची चाके’. दुरुस्त करा म्हटलं तर म्हणाले, आता शिक्का बसला.