आवडता वेस्टर्न ठरवण्याआधी डब्याची मागची बाजू वाचा

वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या घोडेस्वार-पिस्तूलबाजांचे पिक्चर. त्यांच्या याद्यांना तोटा नाही. 'द सर्चर्स' वर की 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' वर, यावर वादही पुष्कळ होतात. गंमत अशी की वाद घालणाऱ्या दोघांनी बरेचदा वेगळाच पिक्चर पाहिलेला असतो. एकाने १६१ मिनिटांचा, दुसऱ्याने १७९ मिनिटांचा. एकाने टीव्हीवर दोन्ही बाजू छाटलेला, दुसऱ्याने पूर्ण रुंदीचा. निर्माते, वितरक आणि सेन्सॉर यांनी या पिक्चरांवर मनसोक्त कात्री चालवली आहे, त्यामुळे इथे पिक्चरइतकंच त्याच्या प्रतीचंही (डीव्हीडी, ब्लू-रे) परीक्षण करावं लागतं.

सुरुवात सगळ्यांत गाजलेल्यापासून. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' १९६६ साली इटलीत लागला तेव्हा तीन तासांना थोडाच कमी होता. इंग्रजीत जगभर फिरला तो १६१ मिनिटांचा. मग २००३ साली गाळलेले प्रसंग परत जोडून १७९ मिनिटांची इंग्रजी आवृत्ती काढली. या प्रसंगांना इंग्रजी आवाजच नव्हता, म्हणून क्लिंट ईस्टवुड आणि ईलाय वॉलक यांना म्हातारपणी पुन्हा माइकसमोर उभं केलं. ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेले होते, त्यांचा आवाज दुसऱ्या कलाकाराने दिला. परिणाम कानाला लगेच कळतो: वॉलकचा चेहरा पन्नाशीतला आणि आवाज पंच्याऐंशी ओलांडलेला.

जोडलेल्या प्रसंगांपैकी एक कामाचा आहे. व्हॅन क्लीफ उद्ध्वस्त किल्ल्यातल्या जखमी सैनिकांमध्ये जाऊन दारूच्या बाटलीच्या मोबदल्यात माहिती काढतो. पुढे हा माणूस कैद्यांच्या छावणीत कसा पोहोचला, हे त्यामुळे समजतं. पण टुको (वॉलक) कोंबडी घेऊन गुहेत जातो आणि जुने साथीदार गोळा करतो, तो प्रसंग लिओनेने स्वतः रोमच्या पहिल्या खेळानंतर काढून टाकला होता. टुकोबरोबरची ती माणसं आली कुठून, याचं उत्तर त्यात आहे. प्रश्न कोणी विचारला होता? पहिल्यांदा पाहणाऱ्याने १६१ मिनिटांचाच पाहावा. १७९ मिनिटांचा दुसऱ्या खेपेला, माहिती म्हणून.

या पिक्चरच्या प्रतीत आणखी दोन गोष्टी तपासायच्या. एक, रंग. २०१४ च्या फोर-के प्रतीवर पिवळी झाक आहे, निळं आकाशही त्यातून सुटलेलं नाही. ढग आणि पांढरे सदरे पाहिले की लगेच लक्षात येतं. दोन, आवाज. नव्या ५.१ (अनेक स्पीकरांच्या) ट्रॅकमध्ये बंदुकांचे आवाज बदललेले आहेत. मेनूत 'मोनो' (जुना एकपदरी आवाज) असेल तर तोच लावा. ओठ आणि संवाद जुळत नाहीत ही मात्र प्रतीची खोड नव्हे. लिओनेच्या सेटवर आवाज नंतर भरायचा म्हणून जो तो आपापल्या भाषेत बोलायचा. त्यामुळे 'मूळ इटालियनच बघा' या सल्ल्यालाही अर्थ नाही. डबिंग दोन्हीकडे आहे, आणि ईस्टवुडचा स्वतःचा आवाज इंग्रजीतच आहे.

दाणेदार चित्राबद्दलही तक्रार होते. त्याचं कारण कॅमेऱ्यात आहे. लिओनेचे हे पिक्चर टेक्निस्कोप पद्धतीने काढलेत. साध्या ३५ मिमी फिल्मवर एका चौकटीला कडेच्या चार छिद्रांची उंची लागते, इथे दोनच. फिल्म निम्मी लागते, खर्च वाचतो आणि रुंद पट्टी आयती मिळते, पण चौकट लहान असल्याने मोठ्या पडद्यावर दाणा दिसतो. तो घालवायला टीव्हीचं 'नॉइज रिडक्शन' चालू केलं की दाण्याबरोबर ईस्टवुडच्या गालावरचे खुंट आणि व्हॅन क्लीफच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्याही जातात, उरतात मेणाचे पुतळे. लिओनेचा अर्धा पिक्चर चेहऱ्यांवर चालतो. ते सेटिंग बंदच हवं.

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर बाकीचंही इथेच. 'मोशन स्मूदिंग' किंवा तत्सम नावाचं जे असेल ते बंद. सेकंदाला २४ चौकटींचं चित्र त्यामुळे मालिकेसारखं गुळगुळीत होतं. शार्पनेस शून्यावर किंवा शून्याजवळ. पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर'. 'व्हिव्हिड' दुकानाच्या काचेसाठी असतो. वरखाली काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून 'झूम' दाबणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा. २.३५ला १ (रुंदीला उंची) या मापाचं चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणून भरलं की रुंदीतला जवळपास चौथा हिस्सा जातो. तिघे पिस्तूलबाज दफनभूमीच्या गोलात उभे आहेत आणि पडद्यावर दोघेच, हा प्रकार त्यातून होतो.

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) हा लिओनेचा याहून चांगला पिक्चर आहे. निदान आमचं मत तसं. पूर्ण आवृत्ती १६५ मिनिटांची. अमेरिकेत तो चालेना म्हणून तिथे १४५ मिनिटांवर आणला गेला आणि त्यात वाटेतल्या गुत्त्याचा अख्खा प्रसंग उडाला. शायान हा दरोडेखोर आणि हार्मोनिका वाजवणारा चार्ल्स ब्रॉन्सन यांची पहिली गाठ तिथेच पडते. तो प्रसंग नसेल तर शायान मध्येच उगवतो, आणि त्याचं मरणही गाळलेलं असल्याने तसाच नाहीसा होतो. १४५ मिनिटांची प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नका. डब्यावर १५८ मिनिटं दिसली तर मात्र घाबरायचं कारण नाही. जुन्या पाल (युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीत २४ चौकटींचा पिक्चर सेकंदाला २५ ने पळवतात, म्हणून १६५ चे १५८ होतात. कापलेलं काही नसतं, आवाजाची पट्टी तेवढी किंचित चढते. लांबीला ०.९६ ने गुणायचं; उत्तर जुळलं तर प्रत पूर्ण.

या पिक्चरची सुरुवात म्हणजे प्रतीची आणि घरच्या यंत्रणेची परीक्षाच. ओसाड स्टेशनावर तिघे मारेकरी गाडीची वाट पाहतात, श्रेयनामावली सावकाश येत राहते, आणि दहा-बारा मिनिटं संगीत नाही. पवनचक्कीची करकर. वूडी स्ट्रोडच्या टोपीवर वरून थेंब थेंब पडणारं पाणी, जे तो शेवटी टोपी उतरवून पिऊन टाकतो. एक जण बोटं मोडतोय. जॅक इलमच्या दाढीवर माशी बसते, तो ती पिस्तुलाच्या नळीत पकडतो आणि कानाशी धरून तिची गुणगुण ऐकतो. टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये 'ऑटो व्हॉल्यूम' अथवा 'नाइट मोड' चालू असेल तर करकर मोठी होते, गोळ्या लहान होतात, आणि सगळं एका पातळीवर येऊन प्रसंग मरतो. ते बंद करून आवाज एवढा ठेवा की थेंब ऐकू येईल. मग गाडी येते तेव्हा खुर्चीतून उठायला होतं.

बाकी पिक्चरभर एन्निओ मोरिकोनेचं संगीत आहे. ते चित्रीकरणाआधीच तयार करून सेटवर वाजवलं जायचं, म्हणून पात्रांची चाल आणि कॅमेऱ्याची चाल सुरांशी बांधलेली दिसते. तोवर सज्जन नायक म्हणून गाजलेला हेन्री फोंडा इथे मुलावर बंदूक रोखतो, आणि गोळीच्या आवाजातून दृश्य थेट आगगाडीवर जातं. ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड डोळ्यांपुढे आलं असेल तर बरोबर आहे. 'शोले'ने (१९७५) ते इथूनच उचललं. प्रतीचा घोळ तिथेही आहेच. काट्यांच्या बुटांनी गब्बरला संपवणारा शेवट आणीबाणीतल्या सेन्सॉरने बदलायला लावला, आणि पिढ्यानपिढ्या ऐन वेळी येणारे पोलीस पाहिले गेले. मूळ शेवटाची दुरुस्त केलेली प्रत २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली.

चौकटीच्या मापाचा सगळ्यांत शिकवणारा किस्सा 'शेन'चा (१९५३). जॉर्ज स्टीव्हन्सने तो जुन्या १.३७ला १ या जवळजवळ चौकोनी मापात काढला, पण रुंद पडद्याची लाट आली म्हणून स्टुडिओने वरखाली छाटून १.६६ मध्ये लावला. २०१३ च्या ब्लू-रेसाठीही आधी छाटलेलंच माप जाहीर झालं होतं. रसिकांनी ओरड केल्यावर निर्णय फिरला. वायोमिंगमधले टीटन पर्वत इथे नुसता पडदा नाहीत. शेतकऱ्यांच्या खोपटांवर ते सतत उभे असतात. वरून चौकट कापली की शिखरं जातात आणि खोऱ्याचा एकटेपणाही जातो. प्रत १.३७ चीच घ्या, डावी-उजवीकडच्या काळ्या पट्ट्या असू द्या.

'हाय नून' (१९५२) ८५ मिनिटांचा, एकच आवृत्ती, डोकेदुखी नाही. गोष्टीतला वेळ आणि पाहण्याचा वेळ जवळपास बरोबरीने चालतात, म्हणून मध्ये थांबवून चहा करू नये. आकाश पांढरंफटक दिसतं ते मुद्दाम. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बीने फिल्टर वापरले नाहीत. गावाकडे मदत मागत फिरणारा मार्शल (गावचा पोलीस अधिकारी) दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला पटला नाही, आणि त्याने जॉन वेनला घेऊन उत्तर म्हणून 'रिओ ब्राव्हो' (१९५९) काढला. तो १४१ मिनिटांचा, ऐसपैस, गाण्यासकट. हे दोन्ही जोडीने पाहिल्याशिवाय कोणता आवडतो हे ठरवण्यात मजा नाही. आमचं माप 'रिओ ब्राव्हो'च्या पारड्यात, कारण त्यातली माणसं कामात तरबेज आहेत आणि त्याचा गाजावाजा करत नाहीत.

हॉक्सच्याच 'रेड रिव्हर'च्या (१९४८) दोन आवृत्त्या आहेत: १३३ मिनिटांची, जिच्यात दोन प्रसंगांच्या मध्ये हस्तलिखिताची पानं दिसतात, आणि १२७ मिनिटांची, जिच्यात वॉल्टर ब्रेननचं निवेदन आहे. लांब ती चांगली हा नियम इथेही मोडतो. खुद्द हॉक्सला छोटी पसंत होती. फक्त तिच्यात शेवटच्या झटापटीला थोडी कात्री लागली आहे, निर्माता हॉवर्ड ह्यूजने आक्षेप घेतल्यामुळे.

जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' (१९५६) चित्राच्या दृष्टीने टेक्निस्कोपचं दुसरं टोक. व्हिस्टाव्हिजनमध्ये फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते आणि एका चौकटीला आठ छिद्रं मिळतात. मॉन्युमेंट व्हॅलीची तांबडी माती, दारातून दिसणारा उजेड, सगळं इतकं स्वच्छ की जुनी डीव्हीडी पाहून मत देणं अन्याय ठरेल. कथा टेक्सासची आणि डोंगर युटा-ॲरिझोना सीमेवरचे, याचं फोर्डला काही वाटत नव्हतं. खटकतं ते वेगळंच. कोमांची लोक नावाहो लोकांनी साकारले आहेत आणि त्यांचा म्होरक्या जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने. लुक नावाच्या बाईची केलेली थट्टा आज बघवत नाही. जॉन वेनचा ईथन वंशद्वेष्टा आहे हे पिक्चरला ठाऊक आहे, पण थट्टेच्या वेळी पिक्चर स्वतःच त्याच्या बाजूला जातो. तरीही पहिल्या तिनात.

सॅम पेकिनपाच्या बाबतीत लांबी तपासल्याशिवाय पाकीट उघडू नये. 'द वाइल्ड बंच' (१९६९) १४५ मिनिटांचाच घ्यावा. छोट्या आवृत्तीत टोळीचा म्होरक्या पाइक आणि त्याचा पाठलाग करणारा डीक यांच्या जुन्या मैत्रीचा फ्लॅशबॅक नाही, आणि एक दुसऱ्याच्या मागावर का आहे हेच कळत नाही. 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' (१९७३) आणखी गुंतागुंतीचा: स्टुडिओने लावलेला १०६ मिनिटांचा, १९८८ मध्ये बाहेर आलेला १२२ चा, आणि २००५ चा ११५ चा. १०६ सोडून द्या. १२२ मध्ये पिक्चरचा श्वास आहे, पण नदीकाठी स्लिम पिकन्स पोटात गोळी घेऊन बसतो तिथे बॉब डिलनचं गाणं नुसतं वाद्यांवर येतं, शब्द नाहीत. ते शब्द हवेत म्हणून कोणी ११५ घेत असेल तर आम्ही भांडणार नाही.

परदेशातून डिस्क मागवणाऱ्यांनी रीजन, म्हणजे ती कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते, पाहावा. भारत ब्लू-रेसाठी सी आणि डीव्हीडीसाठी ५, अमेरिका ए आणि १. अमेरिकेतल्या चांगल्या कंपन्यांच्या बऱ्याच ब्लू-रे ए-बंद (फक्त ए रीजनच्या प्लेअरवर चालणाऱ्या) असतात, इथल्या साध्या प्लेअरवर लागत नाहीत. फोर-के यूएचडीला रीजन नसतो. मात्र त्याच डब्यात सोबत दिलेली ब्लू-रे बंद असू शकते, आणि मुलाखती-माहितीपट बरेचदा तिच्यावरच असतात.

ईस्टवुडचा 'अनफर्गिव्हन' (१९९२), १३१ मिनिटं, चार ऑस्कर, शेवटी पाहायचा. म्हातारा मारेकरी घोड्यावर चढताना पडतो यात काय आहे, हे आधीचे पाहिलेल्यालाच कळतं. शेवटचा पावसाळी रात्रीचा गुत्ता जवळजवळ दिव्याच्या उजेडावर आहे. खोलीतला दिवा चालू असेल तर जीन हॅकमनचा चेहरा शोधावा लागतो. आणि 'डान्सेस विथ वुल्व्हज' (१९९०) घ्यायचाच असेल तर १८१ मिनिटांचा घ्या. २३६ मिनिटांच्या प्रतीत गोष्ट तेवढीच आहे, फक्त उशिरा संपते.