‘एकदाच वापरलेल्या’ पुंगळ्या आणि काठावरच्या चार खाचा

गेल्या वर्षी मी झाडलेल्या काडतुसांच्या पाचशे रिकाम्या पितळी पुंगळ्या विकत घेतल्या आणि पुरता फसलो. १७५ डॉलर गेले, त्याचं एवढं वाटत नाही. पण चौथ्या बाराला रायफलच्या आत पुंगळीचे दोन तुकडे झाले, ते आठवलं की अजून हात गार पडतात. इथे टेक्सासमध्ये माझ्या ओळखीचे दोघे-तिघे मराठी मित्र स्वतः काडतुसं भरायला शिकताहेत, म्हणून सगळं लिहून ठेवतो. स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला इथे परवाना लागत नाही. भारतात मात्र शस्त्र कायदा, १९५९ आहे. तिथे परवान्याशिवाय याच्या वाटेला कुणी जाऊ नये.

बार झाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी) फुकट जातो. उरते ती पुंगळी. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेलं हे पितळ बाराच्या वेळी फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट बसतं आणि वायू मागे येऊ देत नाही. मी वापरतो त्या ‘.३०८ विंचेस्टर’ काडतुसात हा दाब चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. पण दर बाराला पितळ थोडं पुढे सरकतं. मान लांबते आणि बुडाच्या जरा वर, आतल्या बाजूने, भिंत झिजत जाते. बाहेरून काही कळत नाही. म्हणून पुंगळी किती वेळा झाडलेली आहे, हे माहीत असणं हाच या छंदाचा पाया आहे.

मी घेतल्या त्या एका शस्त्रप्रदर्शनात. टेबलामागचे गृहस्थ साठीचे, बोलायला अगदी गोड. मिसुरीतल्या लेक सिटी कारखान्याच्या लष्करी पुंगळ्या, बुडावर ‘एलसी’ आणि सालाचे दोन आकडे. “एकदाच झाडलेल्या आहेत. प्रायमर काढून, धुऊन, लांबीला कापून तयार केल्यात. तुमचं महिन्याभराचं काम वाचवलंय मी,” असं म्हणाले. एक पुंगळी ३५ सेंटला. सोन्यासारख्या चकाकत होत्या. मी रोख पैसे दिले आणि पावती मागितली नाही.

त्या ‘वाचवलेल्या कामात’च सगळी लबाडी होती, हे मला फार उशिरा समजलं. लष्करी पुंगळी खरोखर एकदाच झाडलेली असेल, तर तिची साक्ष तिच्या अंगावर असते. प्रायमर जागेवर असतो आणि त्याच्याभोवती कारखान्याने दाबून बसवलेली कडा असते. मानेवर कारखान्यातल्या तापवण्याचा निळसर-तपकिरी डाग असतो. प्रायमर काढून कडा मोकळी केली की पहिली साक्ष गेली. घासून चकाकवली की डाग गेला. आणि २.००५ इंचांना कापून टाकली की ती किती लांबली होती, हेही पुसलं गेलं.

त्या पुंगळ्या भरून रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेलो. त्या दिवशीच्या चौथ्या बाराला ‘फस्स’ असा आवाज आला आणि बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) बाजूने गरम वायू गालाला लागला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं. बोल्ट मागे ओढला तर हातात नुसतं बूड आलं. पुंगळीचा पुढचा नळकांडा चेंबरमध्येच अडकलेला.

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त यंत्रकारागीर बसत असत. त्यांनी ते बूड भिंगाखाली धरलं, काठ फिरवून पाहिला आणि माझ्या हातात भिंग दिलं. काठावर बारीक कानशीने घातलेल्या चार खाचा होत्या. “कुणीतरी हिशोब ठेवत होतं,” ते म्हणाले. “एका भरण्याला एक खाच.” म्हणजे पूर्वीच्या मालकाने ही पुंगळी चार वेळा भरलेली होती. माझी पाचवी.

घरी येऊन उरलेल्या सगळ्या तपासल्या. ६१ पुंगळ्यांवर खाचा सापडल्या. मग एका बारीक तारेचं टोक वाकवून प्रत्येकीच्या आतून फिरवलं. बुडाच्या वर जिथे तार अडकते, तिथे भिंत आतून खचलेली असते. अशा १३८ निघाल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक पुंगळ्यांवर कसलीच खूण नव्हती. विकणाऱ्याने सगळं पुसलं होतं, फक्त त्या अनोळखी माणसाच्या कानशीची रेघ त्याला पुसता आली नाही. विकणाऱ्या गृहस्थांना फोन केला तेव्हा म्हणाले, “पितळ ते पितळ. विकलेला माल परत घेत नाही.” नंतर फोन उचलणंच बंद केलं.

आमच्या घरी नवं पातेलं आणलं की आई दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायची. लग्नाकार्यात शेजारी गेलेलं भांडं नावामुळे बिनबोभाट परत यायचं. तीच शिस्त मी आता पुंगळ्यांना लावली आहे. आधी मी मार्कर पेनाने बुडावर रंगाची रेघ ओढायचो. रेंजवर आपल्या पुंगळ्या गोळा करण्यापुरती ती ठीक आहे, पण स्टीलच्या बारीक काड्यांबरोबर एकदा धुतल्या की साफ निघून जाते. आता काठाच्या बाहेरच्या कडेला, दर भरण्याला एक, जेमतेम दिसेल एवढी खाच घालतो आणि वर आलेली कोर काढून टाकतो. खाच फक्त काठावर. अंगावर किंवा बुडाजवळच्या भिंतीवर कधीही नाही, कारण दाब तिथे झेलला जातो. आणि पुंगळी पूर्ण रिकामी असतानाच. प्रायमर बसवलेल्या पुंगळीला कानस किंवा कोरणीचं यंत्र लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं आहे. वहीत गठ्ठा आणि तारीख लिहितो, पण वही हरवली तरी खाच राहते.

विकत घ्यायच्याच असतील तर प्रायमर न काढलेल्या, मळलेल्या, डाग असलेल्या घ्या. ज्यांवर आधीच खाच आहे त्या फुकट मिळाल्या तरी नकोत.

त्या सगळ्या पुंगळ्या मी भंगारात दिल्या. तेरा पौंड भरल्या, पंचवीसेक डॉलर आले. देण्याआधी दोन संध्याकाळी बसून प्रत्येकीचं तोंड पक्कडीने चेपलं, म्हणजे त्या पुन्हा कुणाच्या चेंबरमध्ये जाणार नाहीत.