पोपोल वूहचा दुसरा अल्बम, काही महिने ऐकल्यानंतर

जर्मन बँड पोपोल वूहचा 'इन डेन गेर्टन फाराओस' मी पावसाळ्यापासून ऐकतेय. आधीच सांगते, एक-दोनदा ऐकून याच्याबद्दल मत बनवू नका. १९७१ मध्ये पिल्झ या जर्मन लेबलने काढलेल्या या रेकॉर्डवर दोनच रचना आहेत, एका बाजूला एक. पहिली साधारण साडेसतरा मिनिटांची, दुसरी वीसच्या आसपास. गिटार नाही, गाण्याचे शब्द नाहीत. रॉक बँड म्हणून ऐकायला बसलात तर बराच वेळ चाचपडाल.

बँडचा कर्ता फ्लोरियान फ्रिके मूळचा पियानोवादक. त्याच्याकडचा मोठा मॉड्युलर मूग, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर, हा या अल्बमचा कणा. त्या यंत्रात तयार आवाज साठवलेले नसतात. वायरी जोडून, बटणं फिरवून प्रत्येक आवाज घडवावा लागतो. पण त्याचं प्रदर्शन इथे कुठेच नाही, आणि मला हा अल्बम आवडतो तो सगळ्यात आधी यासाठी.

पहिली बाजू पाण्याच्या आवाजाने सुरू होते. त्यातून मूगचा सूर असा वर येतो की पाणी कुठे संपलं हे नेमकं सांगता येत नाही. सूर फुगतो, विरतो, पुन्हा भरतो. मग होल्गर ट्रुल्शची आफ्रिकी आणि तुर्की तालवाद्यं येतात. हेडफोन लावून ऐकलं की चामड्यावर पडणारा हात वेगळा कळतो. यंत्राच्या लांब सुराशेजारी ती थाप असल्यामुळेच संगीत जमिनीवर राहतं. उत्तरार्धात फेंडरचा इलेक्ट्रिक पियानो येतो आणि सगळं एकदम मोकळं होतं. सुरुवातीचे कितीतरी आठवडे मी या जागेसाठीच अल्बम लावत होते.

दुसरी बाजू, 'वूह', तेव्हा मला जड जायची. बाव्हेरियातल्या बाउमबुर्गच्या चर्चमधला ऑर्गन, त्याचा प्रचंड स्वरगुच्छ जवळपास हलतच नाही, आणि वरून झांजांचा मारा. स्वयंपाक करताना हे लावू नका, डोकं उठतं. ही बाजू बसून, आवाज मोठा ठेवून ऐकायची. मग तो अचल वाटणारा ऑर्गन आतून हलताना ऐकू येतो. तंबोऱ्यात चार तारांपलीकडचे सूर कानाला हळूहळू सापडत जातात ना, तसंच. आता मी आधी हीच बाजू लावते. पहिली सुंदर आहे, पण पोपोल वूहची खरी हिंमत दुसरीत आहे.

तक्रार एकच, 'वूह'मधल्या झांजा फार पुढे आहेत. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर तर त्याच ऐकू येतात आणि ऑर्गनचा खर्ज गायब होतो. मोबाईलच्या स्पीकरचं नावच काढू नका.

पुढच्याच वर्षी, १९७२ च्या 'होझियाना मंत्रा'मध्ये फ्रिके पियानोकडे परतला, आणि त्याचा मूग पुढे जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतकार क्लाउस शुल्त्सेकडे गेला. म्हणून मूगवाला पोपोल वूह हवा असेल तर पहिला अल्बम 'आफेनश्टुंडे' आणि हा, एवढे दोन आधी ऐका. त्यातला हा कितीतरी जास्त पक्व आहे. नंतरच्या काही सीडींवर शेवटी जास्तीचे ट्रॅक जोडलेत. 'वूह' संपलं की मी तिथेच बंद करते.